आर.ए. असेल तर पावसाळा, थंडी आणि उन्हाळा कसा काढायचा

जून लागला की ज्यांच्या घरी रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा (आर.ए.) पेशंट आहे तिथे एकच प्रश्न सुरू होतो, हे दुखतंय ते पावसानं की आजार वाढलाय म्हणून? याचं उत्तर नीट कुणी सांगत नाही आणि मग लोक दोन टोकं गाठतात. काहीजण "हवाच तशी आहे, जाईल" म्हणत सुजलेले सांधे घेऊन दिवाळीपर्यंत बसून राहतात आणि तोवर आतल्या हाडाचं नुकसान होऊन गेलेलं असतं, तर काहीजण जरा आभाळ आलं की मेडिकलमधून पेनकिलरची स्ट्रिप घेऊन येतात आणि किडनीचा विचारही करत नाहीत. मला स्वतःला आर.ए. आहे, बरीच वर्षं झाली, राहते पुण्यात आणि माहेर कोकणात, त्यामुळे ओली हवा आणि कोरडी थंडी दोन्हीत सांधे कसे वागतात ते चांगलं माहितीये. मी डॉक्टर नाही. गोळ्यांचे डोस तुमच्या रुमॅटॉलॉजिस्टनीच, म्हणजे सांध्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. पण कुठल्या महिन्यात काय बघायचं, काय आधी करून ठेवायचं आणि काय अजिबात करायचं नाही हे पेशंटनी पेशंटला सांगण्यासारखं खूप आहे, ते लिहितेय.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या की तुम्हाला नक्की काय झालंय. आपल्याकडे सगळ्यालाच "वात आहे" म्हणतात. वयाप्रमाणे गुडघा झिजतो तो वेगळा आजार. आर.ए. म्हणजे, बरेच जण ज्याला आमवात म्हणतात ते, यात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते, हाताची बोटं, मनगटं, पायाच्या बोटांचे सांधे धरतात, शक्यतो दोन्ही बाजूंना, आणि सकाळी उठल्यावर अर्धा-एक तास किंवा जास्तच हात उघडत मिटत नाहीत. बायकांना पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होतो. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला 1996 साली डॉ. अरविंद चोप्रांच्या टीमनी घरोघरी जाऊन सांधेदुखीचा सर्व्हे केला होता, आपल्या ग्रामीण भागात हा आजार किती आहे ते त्यातून दिसलं. साधारण दोनशे मोठ्या माणसांत एकाला असतो असं धरा, म्हणजे तसा काही दुर्मिळ नाही, तुमच्या सोसायटीत कोणाला तरी असेलच.

हवामानाचा खरंच संबंध आहे का

आहे, पण लोक समजतात तितका सरळ नाही, आणि यावर अभ्यास भरपूर झालेत. डोनाल्ड रेडेलमायर आणि अमोस ट्वर्स्की या दोन संशोधकांनी आर.ए.च्या 18 पेशंटांचं दुखणं 15 महिने हवामानाशी लावून पाहिलं, 1996 ला छापलं, त्यात काहीही संबंध सापडला नाही, आणि गंमत म्हणजे पेशंटांची मात्र खात्री होती की हवा बदलली की दुखतं. 2017 ला अमेरिकेत म्हाताऱ्या लोकांच्या एक कोटीहून जास्त ओपीडी व्हिजिट तपासल्या, पावसाच्या दिवशी सांधेदुखीच्या तक्रारी वाढलेल्या दिसल्या नाहीत. मग 2019 ला इंग्लंडमध्ये मँचेस्टर युनिव्हर्सिटीनी मोबाईल ॲपवर लोकांकडून रोजचं दुखणं लिहून घेतलं, 2658 लोकांचा डेटा नीट मिळाला, आणि त्यात दमट हवा, कमी झालेला वायुदाब आणि जोराचा वारा असेल त्या दिवशी दुखणं जास्त असं निघालं, त्यातही दमटपणाचा वाटा सगळ्यात मोठा. पण किती जास्त? साध्या दिवशी शंभरातल्या पाच जणांना त्रासाचा दिवस जात असेल तर दमट, वाऱ्याच्या दिवशी सहा जणांना. एवढाच फरक.

आता आपल्याकडे बघा, जून-जुलैला वायुदाब वर्षात सगळ्यात खाली असतो आणि हवा पाण्यानं भरलेली असते, म्हणजे इंग्लंडच्या अभ्यासात निघालेल्या गोष्टींपैकी या दोन आपल्या पावसाळ्यात महिनोन् महिने एकत्र येतात. त्यामुळे तुम्हाला पावसात जास्त दुखत असेल तर ते मनाचे खेळ म्हणून झटकू नका.

पण हे सगळं झालं दुखण्याबद्दल. आजार पुढे सरकणं ही वेगळी गोष्ट आहे. टोकियोमधल्या पेशंटांच्या एका मोठ्या नोंदीत 2007 साली असं दिसलं की आजाराची ॲक्टिव्हिटी तिथे वसंतात सगळ्यात जास्त आणि पानगळीच्या दिवसांत सगळ्यात कमी असते. फ्रान्समध्ये नव्यानं आजार झालेल्या लोकांचा एक अभ्यास 2011 ला आला, त्यात ज्यांचा आजार थंडीत किंवा वसंतात सुरू झाला त्यांच्या एक्सरेमध्ये पहिल्या सहा महिन्यांत हाडांचं नुकसान जास्त दिसलं. कारण काय याचे अंदाज आहेत, ऊन कमी म्हणून व्हिटॅमिन डी कमी, थंडीतले व्हायरस वगैरे. पण तिथला वसंत म्हणजे बर्फाळ थंडी संपल्यानंतरचे महिने, आपला चैत्र नव्हे, म्हणून ते आकडे जसेच्या तसे सांगली-सोलापूरला लावू नका. यातून घ्यायचं ते एवढंच की ऋतूचा परिणाम फक्त वेदनेवर नसतो, आतल्या सुजेवरही असू शकतो, आणि दोन्हीत फरक करायला आपल्याला यायला पाहिजे.

तो फरक करायचा कसा

यासाठी मी सांगते ती पद्धत अगदी साधी आहे. भिंतीवरचं कालनिर्णय घ्या, रोजच्या चौकोनात तीन गोष्टी लिहा. सकाळी उठल्यापासून हात मोकळे व्हायला किती मिनिटं लागली, आज किती सांधे सुजलेत (दुखतात किती ते नाही, सुजलेत किती), आणि शून्य ते दहात दुखणं किती. बास. पाऊस होता, ढग होते, थंडी होती, त्यासाठी एक छोटी खूण. आणि आदल्या दिवशी हाताचं जास्तीचं काम झालं असेल, चकल्या पाडल्या, चादरी पिळल्या, प्रवास झाला, तर तेही एका शब्दात लिहा. मोबाईलवर जमत असेल तर मोबाईलवर, पण भिंतीवर लिहिलेलं घरातल्या सगळ्यांना दिसतं आणि सुनेला-नवऱ्याला न सांगता कळतं की आज हिला कुकर उचलायला लावायचा नाही.

सूज ओळखायची कशी ते सांगते कारण बऱ्याच जणांना ते माहीत नसतं. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं आणि बोटानं सांधा दोन्ही बाजूंनी हलका दाबा, भरलेला, मऊ, गुबगुबीत लागला तर सूज. हाड कडक लागलं तर बहुतेक नुसता जुना बदल. अंगठी निघत नाही, बांगड्या चढत नाहीत, चपलेचा अंगठा घट्ट होतो, हे पण बघा. आणि सकाळी मूठ वळून बघायची, बोटांची टोकं तळव्याला टेकतात का.

दोन-तीन आठवडे लिहिलं की चित्र समोर येतं. ढगाळ दिवशी दुखणं 3 वरून 5 झालं पण सूज तेवढीच, सकाळचा वेळही तेवढाच, आणि ऊन पडलं की खाली आलं, तर ते हवेचं. शेक घ्या, ऊब घ्या, दिवस काढा. पण सकाळचा वेळ वीस मिनिटांवरून दीड तासावर गेलाय, नवे सांधे सुजलेत, थकवा आहे, बारीक ताप वाटतोय आणि हे आठवडाभर, ऊन असो वा पाऊस, तसंच चाललंय, तर तो फ्लेअर आहे, म्हणजे आजारच उसळलाय, हवेच्या माथी मारू नका, अपॉइंटमेंट घ्या. ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या टेस्ट करून डॉक्टर बघतील. सीआरपी नॉर्मल आला म्हणून फ्लेअर नाहीच असंही नसतं, म्हणून तुमची ती नोंद जास्त महत्त्वाची. हाडाचं नुकसान जास्त करून आजाराच्या पहिल्या एक-दोन वर्षांत होतं आणि झालेलं परत भरून येत नाही, म्हणून नवीन पेशंटनी तर "पाऊस संपला की बघू" हे वाक्य तोंडातूनच काढू नये.

पावसाळा

मला विचाराल तर आर.ए. वाल्यांसाठी पावसाळ्यात दुखण्यापेक्षा इन्फेक्शन हा मोठा विषय आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. आपण ज्या गोळ्या घेतो त्या प्रतिकारशक्तीला आवर घालतात, आणि डास, साचलेलं पाणी, दूषित पाणी हे सगळं त्याच चार महिन्यांत येतं.

म्हणून मे महिन्यातल्या व्हिजिटला डॉक्टरांकडून एक कागद लिहूनच घ्या, "ताप आला तर कुठली गोळी थांबवायची, कुठली चालू ठेवायची". साधारणपणे ताप-इन्फेक्शन जोरात असेल तर मेथोट्रेक्सेट (आर.ए. ची मुख्य गोळी), लेफ्लुनोमाइड, टोफासिटिनिब, बायोलॉजिकची (प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग अडवणारी) इंजेक्शनं काही काळ थांबवायला सांगतात, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन (एचसीक्यू) बहुतेक वेळा चालू राहते, आणि स्टिरॉइड म्हणजे वायसोलोन वगैरे रोज चालू असेल तर ते अचानक कधीच बंद करायचं नसतं, उलट आजारपणात कधी वाढवावं लागतं. पण हे प्रत्येकाचं वेगळं, म्हणून कागद. रात्री अकराला 102 ताप असताना रुमॅटॉलॉजिस्ट फोनवर सापडेलच असं नाही, आणि गल्लीतल्या डॉक्टरांना तुमच्या गोळ्यांची यादी तोंडपाठ नसते. त्याच कागदावर ठळक लिहा, मेथोट्रेक्सेट चालू आहे, सेप्ट्रान किंवा बॅक्ट्रिम देऊ नये. को-ट्रायमॉक्साझोल नावाचं जे अँटिबायोटिक आहे ते मेथोट्रेक्सेटबरोबर गेलं तर रक्तपेशी धोकादायकरीत्या कमी होऊ शकतात, आणि लघवीच्या इन्फेक्शनला, जुलाबाला ते आजही सर्रास दिलं जातं.

ताप आला की घरातली कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन, व्होव्हेरान घेऊ नका. डेंग्यू निघाला तर या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, आणि दुसऱ्या दिवशीही ताप असेल तर सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची टेस्ट.

चिकनगुनिया हा तर आपला जुना शत्रू. 2006 ला महाराष्ट्रात गावंच्या गावं आडवी झाली होती, 2024 ला पुण्यात परत जोर केला. यात दोन्ही हातांचे बारीक सांधे आर.ए. सारखेच सुजतात आणि काहींचे महिनोन् महिने राहतात, त्यामुळे ज्यांना आधी आर.ए. नव्हता त्यांना वाटतं झाला, आणि ज्यांना आहे त्यांना वाटतं फ्लेअर आलाय. अचानक मोठा ताप, अंगावर पुरळ आणि एका दिवसात सगळे सांधे धरले असं झालं असेल तर चिकनगुनियाची टेस्ट करा. ताप उतरल्यावर तीन महिन्यांनंतरही सूज असेल तर अँटी-सीसीपी (आर.ए. ओळखायची रक्ताची टेस्ट) आणि रुमॅटॉलॉजिस्ट, कारण नुसतं "चिकनगुनियाचं राहिलंय" म्हणत वर्ष घालवलेली माणसं मी बघितलीयेत.

लेप्टोस्पायरोसिस म्हणजे लेप्टो, साचलेल्या पाण्यातून होणारं इन्फेक्शन, तळकोकणात भातलावणीच्या दिवसांत आणि मुंबईत पाणी तुंबलं की. आर.ए. मध्ये पायाच्या बोटांची ठेवण बिघडते, भोवऱ्या होतात, भेगा पडतात आणि त्या फटींतूनच जंतू शिरतो. पाणी तुंबलेल्या रस्त्यातून चालू नका, चालावंच लागलं तर घरी येऊन साबणानं पाय धुवून कोरडे करा आणि डॉक्टरांना फोन करून विचारा डॉक्सीसायक्लिन घ्यायची का. शेतात उतरणाऱ्यांना गमबूट, पण आर.ए. च्या पायाला घट्ट गमबूट जखम करतो, एक नंबर मोठा घेऊन आत जाड मोजा घाला.

लसींचं बोलायचं तर फ्लूची लस दर वर्षी. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, म्हणून एप्रिल-मे मध्ये घेतलेली बरी. मेथोट्रेक्सेट चालू असेल आणि आजार शांत असेल तर फ्लूच्या लशीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवतात, म्हणजे लस नीट लागते, पण हे डॉक्टरांना विचारून. न्यूमोनियाची लस पण विचारा. नागिणीची नवीन लस, शिंगरिक्स, ती आता भारतात मिळते, महाग आहे पण टोफासिटिनिब घेणाऱ्यांनी जरूर चौकशी करा कारण त्या गोळीनं नागीण होण्याची शक्यता वाढते. जिवंत जंतूंच्या लसी मात्र बायोलॉजिक चालू असताना घ्यायच्या नाहीत, कोणी टोचायला लागलं तर आधी विचारा ही लाइव्ह आहे का.

आता दुखण्याकडे. पावसात घरात ओल असते, गाद्या गारठलेल्या, कपडे अर्धे ओले. अर्धवट ओले कपडे अंगावर घालू नका, इस्त्री फिरवा, गादीवर एक जाड सतरंजी किंवा गोधडी टाका, फरशीवर अनवाणी फिरू नका. घसरून पडणं हा मोठा धोका, विशेषतः ज्यांची स्टिरॉइडनं हाडं ठिसूळ झालीयेत, म्हणून बाथरूमबाहेरचं पायपुसणं रबरी बुडाचंच हवं. आणि धुणं. पावसात कपडे वाळत नाहीत म्हणून आपण जास्त जोर लावून पिळतो, त्यात मनगटाची वाट लागते. पिळायचं नाही, मशीनच्या ड्रायरला टाका, मशीन नसेल तर नळावर टांगून निथळू द्या किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला पिळायला सांगा, यात लाजायचं काय.

वारीला जाणाऱ्यांनी एक करा, गोळ्या दोन ठिकाणी प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत ठेवा, मेथोट्रेक्सेटचा वार ठरलेला असेल तो वाटेत चुकवू नका आणि दोनदाही घेऊ नका. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते, रोज घेतली गेली तर जिवावर बेततं, हे कितीदा सांगितलं तरी कमी आहे.

थंडी

निफाडकडे पारा पाच-सहावर जातो तेव्हा तिथल्या आर.ए. वाल्या बाईला सकाळी उठून द्राक्षबागेत जायचं असतं, आणि मुंबईत थंडी म्हणजे पंखा एकवर. त्यामुळे सल्ला आपापल्या गावाप्रमाणे घ्या.

सकाळीच का आखडतं ते समजून घेतलं की उपाय पण कळतो. सूज वाढवणारं आयएल-6 नावाचं रसायन रक्तात पहाटे वाढतं, त्यात रात्रभर सांधा हललेला नसतो आणि थंडीत भर पडते. म्हणून उठल्या उठल्या बिछान्यातून बाहेर पडूच नका. पांघरुणातच बोटं उघडमिट, मनगटं गोल, घोटे वरखाली, खांदे, असं दहा मिनिटं सावकाश करा. हात मोकळे होईपर्यंत दुधाची पिशवी फाडणं, नळाची घट्ट तोटी, कणीक, यातलं काही नाही. मग कोमट पाण्याच्या टबमध्ये हात घालून पाच-दहा मिनिटं पाण्यातच मूठ उघडमिट करा, मला तरी यासारखं दुसरं काही लागू पडलेलं नाही. फिजिओथेरपिस्टकडे मेणाचा शेक असतो, तो बोटांसाठी फार छान, पण घरी मेण वितळवून प्रयोग नको, भाजतं.

शेक कधी आणि बर्फ कधी? सांधा आखडलाय, जखडलाय, पण गरम लाल नाही, तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. सांधा टम्म सुजलाय आणि हात लावला तर गरम लागतोय, तर शेकू नका, कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं. आणि अशा सुजलेल्या गरम सांध्याला तेल लावून रगडणं बंद, हलक्या हातानं लावा पाहिजे तर. डायबेटिस असेल आणि हातापायाला बधिरपणा असेल तर शेकाचं पाणी दुसऱ्याकडून तपासून घ्या.

थंडीत बोटं आधी पांढरी, मग निळी आणि गरम झाल्यावर लाल होत असतील तर ते नुसतं गारठणं नाही, त्याला रेनॉड म्हणतात, डॉक्टरांना दाखवा. हातमोजे, लोकरीचे पायमोजे, कानटोपी, आणि फ्रिजमधून भाजी काढतानाही हातमोजा घालायला हरकत नाही. फिरायला पहाटे पाचला जाऊ नका, ऊन वर आल्यावर जा. शेकोटीच्या धुरापाशी, दिवाळीत फटाक्यांच्या धुरात बसू नका, इटलीत वेरोनाला अभ्यास झालाय त्यात हवेतलं प्रदूषण वाढलं की आर.ए. चे फ्लेअर वाढताना दिसलेत. तंबाखू, सिगारेट, आणि आपल्याकडच्या बायकांची मिशरी, हे सुटलंच पाहिजे, सिगारेटनं तर आजारही जोर धरतो आणि औषधांचा गुणही कमी येतो.

ऊन आणि व्हिटॅमिन डी. कोवळ्या उन्हात बसा असं सगळे सांगतात, बरं वाटतं म्हणून जरूर बसा, पण व्हिटॅमिन डी बनतं ते सूर्य डोक्याच्या जवळ असताना, म्हणजे अकरा ते दोनच्या सुमारास. थंडीत गच्चीवर त्या वेळी पंधरा-वीस मिनिटं हातपाय उघडे ठेवून बसणं सुसह्य असतं. अमेरिकेत 25 हजारांहून जास्त लोकांवर पाच वर्षं प्रयोग झाला, 2022 ला निकाल आला, रोज 2000 युनिट व्हिटॅमिन डी घेणाऱ्यांत ऑटोइम्यून (आर.ए. सारखे, प्रतिकारशक्ती उलटल्यानं होणारे) आजार होण्याचं प्रमाण 22 टक्के कमी. पण ते आजार टाळण्याबद्दल होतं, झालेला बरा करण्याबद्दल नाही. म्हणून ऑक्टोबरमध्ये, पावसाचे ढगाळ महिने संपल्यावर, एकदा लेव्हल तपासा आणि कमी असेल तर डॉक्टर सांगतील तितके आठवडे 60 हजार युनिटवाली व्हिटॅमिन डी ची पुडी घ्या, मैत्रिणीनी सांगितली म्हणून महिनोन् महिने घेत राहू नका. लंडन, न्यू जर्सीकडच्या आपल्या लोकांना डिसेंबर-जानेवारीत उन्हातून व्हिटॅमिन डी जवळपास मिळतच नाही, त्यांनी तर गोळीबद्दलच बोलावं.

उन्हाळा

उन्हाळ्यात बऱ्याच जणांना बरं वाटतं आणि तिथेच घात होतो. "गोळ्या उष्ण पडतात" म्हणून एप्रिल-मे मध्ये मेथोट्रेक्सेट बंद करणारे कितीतरी आहेत, तोंड आलं, पित्त झालं की उष्णता म्हणून गोळी सोडायची आणि डॉक्टरांना सांगायचंही नाही. पहिले काही आठवडे काहीच होत नाही कारण औषधाचा परिणाम हळूहळू उतरतो, मग जूनमध्ये सगळे सांधे एकदम धरतात आणि दोष जातो पावसाला. तुम्हाला दर पावसाळ्यात जोरदार फ्लेअर येत असेल तर कालनिर्णयवर मागे जाऊन बघा की मे महिन्यात गोळ्या नीट गेल्या होत्या का. तोंड येणं ही खरी तक्रार आहे, मेथोट्रेक्सेटचा तो साइड इफेक्ट असू शकतो आणि कधी डोस जास्त होत असल्याची खूणही असते, म्हणून डॉक्टरांना लगेच सांगा, सीबीसी करा, मेथोट्रेक्सेटसोबत दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी नीट चाललीये का बघा. गुपचूप बंद करणं हा उपाय नाही.

चंद्रपूर, अकोल्याला 45 च्या वर पारा असताना अंगातलं पाणी कमी होतं. मेथोट्रेक्सेट किडनीतून बाहेर पडते, पेनकिलर किडनीवर ताण टाकतात, आणि पाणी कमी असेल तर हे तिन्ही मिळून नुकसान करतात. पाणी, ताक, लिंबू सरबत चालू ठेवा, जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएस घ्या आणि त्या आठवड्याची मेथोट्रेक्सेट घेण्याआधी फोन करा. क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) आणि लिव्हरच्या टेस्ट एरवी दोन-तीन महिन्यांनी असतात, त्यातली एक उन्हाळ्यात पडेल असं बघा. काही गोळ्यांनी उन्हात कातडीवर पुरळ येतं, मेथोट्रेक्सेट, सल्फासालाझिन, एचसीक्यू, सगळ्यांनीच येऊ शकतं, म्हणून छत्री, पूर्ण बाह्या. कूलर किंवा एसीचा झोत थेट अंगावर घेऊन झोपू नका. बायोलॉजिकचं इंजेक्शन घरात असेल तर ते 2 ते 8 डिग्रीत, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, फ्रीझरमध्ये नाही आणि दारातही नाही, गावी नेताना आइसबॉक्समध्ये पण बर्फाला थेट टेकवून नाही.

आणि वाळवण. याबद्दल कुठल्याच डॉक्टरच्या पत्रकात लिहिलेलं नसतं पण आमच्या आर.ए. च्या बायकांचा मे महिना यातच जातो. पापड लाटणं, कुरडयांचा चीक हाटणं, सोऱ्या दाबणं, एकाच हालचालीत तासन् तास मनगट आणि अंगठा. दुसऱ्या दिवशी हात सुजतो आणि म्हणतात उन्हाळा बाधला. दिवाळीत चकल्या-लाडू, गणपतीत मोदक, सगळं तेच. आपल्याकडे ऋतू म्हणजे नुसती हवा नसते, प्रत्येक ऋतू बाईच्या हाताला वेगळं काम देतो, आणि नोंद ठेवली की स्वतःलाच दिसतं की अर्धे "हवेचे" त्रास हे त्या कामाचे आहेत. सुजलेल्या दिवसांत हे काम पूर्ण बंद. एरवी वाटून घ्या, अर्धा तास झाला की हात बदला किंवा थांबा, लाटण्याला कापड गुंडाळून जाड करा म्हणजे मूठ घट्ट आवळावी लागत नाही, सोऱ्याच्या जागी मशीनचा सोऱ्या, कुकर दोन्ही हातांनी तळव्यावर उचला, विळीवर नारळ नको, किसलेला आणा. पापड विकत मिळतात. तुमच्या मनगटाचा सांधा विकत मिळत नाही.

उपास आणि खाणं

चातुर्मास, श्रावण, नवरात्र, आणि मुस्लिम भगिनींचा रोजा, उपास करू नका असं मी म्हणणार नाही. पण स्टिरॉइड आणि पेनकिलर रिकाम्या पोटी घेऊ नका, वेळ बदलायची तर डॉक्टरांना विचारून बदला, आणि पाणी न पिता राहायचं असेल तर आधी किडनीचा रिपोर्ट बघा. "वातूळ" म्हणून वाल, पावटा, हरभऱ्याची डाळ, वांगं, बटाटा, आणि आंबट म्हणून दही, टोमॅटो, लिंबू असं सगळं बंद करत गेलं की ताटात उरतं काय? हे पदार्थ खाल्ल्यानं आर.ए. वाढतो असा पुरावा नाही. एखाद्याला एखादा पदार्थ खरंच बाधत असेल तर नोंदीत दिसेल, तेवढा सोडा. प्रोटीन सोडू नका, आजार आधीच स्नायू खातो. मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली खावी, त्यातल्या ओमेगा-3 नं सांधेदुखीत थोडा फरक पडतो. पावसात 1 जून ते 31 जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा आणि शाकाहारी लोकांना जवसाची चटणी आहे, माशाइतकी ताकद नाही तिच्यात पण चांगलीच.

जत्रेत, बाजारात "वाताची पुडी" मिळते, दोन दिवसांत उड्या मारायला लागतो म्हणतात. इतक्या झटपट गुण येणाऱ्या पुड्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, तोंड सुजतं, शुगर वाढते, हाडं पोकळ होतात. घेत असाल तर एकदम बंदही करू नका, पुडी घेऊन डॉक्टरकडे जा.

थांबायचंच नाही अशी लक्षणं, ऋतू कुठलाही असो: एकच सांधा अचानक लाल, गरम, हलवता येत नाही आणि ताप (सांध्यात पू झालेला असू शकतो, त्याच दिवशी हॉस्पिटल), कोरडा खोकला आणि दम लागणं, डोळा लाल होऊन दुखणं, तोंडात खूप फोड, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग.

अपॉइंटमेंटला जाताना कालनिर्णयची पानं फाडून घेऊन जा, किंवा फोटो काढा. डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो, "खूप दुखतं हो" यातून त्यांना काही कळत नाही, "जुलैपासून सकाळचा वेळ दीड तास आहे आणि चार सांधे सुजलेत" यातून लगेच कळतं. व्हिजिट वर्षातून तीन-चारच परवडत असतील तर मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारी अशा लावा, मे मधली पावसाळ्याच्या तयारीची, ऑगस्टची मधेच गडबड झाली का बघायला, आणि नोव्हेंबरला व्हिटॅमिन डी चा रिपोर्ट सोबत न्या. एचसीक्यू चालू असेल तर डोळ्यांची तपासणी वर्षातून एकदा, ती फेब्रुवारीत टाकली की ऊन तापायच्या आत होऊन जाते.